सोल्युशनचं काम सोडलं, तरी पायांतली ताकद का जातेय?

प्रश्न : डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. दीड वर्षापूर्वी तो धारावीत पर्स-बॅगांच्या एका कारखान्यात लागला. काम पेस्टिंगचं, म्हणजे ब्रशने रेक्झिनला सोल्युशन (चिकटवायचा पातळ गम) लावायचं आणि पट्ट्या चिकटवायच्या. राहायचाही तिथेच, पोटमाळ्यावर. पावसाळ्यात त्याच्या पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. नवरात्रात तर चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि त्याला पत्ताच नसायचा. दिवाळीनंतर मी त्याला अंबरनाथला माझ्याकडे आणलं. काम सोडून सहा आठवडे झाले, पण दुखणं वाढतच चाललंय. शर्टाची बटणं लागत नाहीत, जिना चढताना कठडा धरावा लागतो, वजनही उतरलंय. इथल्या डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली, गुण नाही. शेठ म्हणतो, "सोल्युशनने झालं असतं तर काम सोडल्यावर कमी झालं असतं. पोरगा पीत असेल." माझा भाऊ दारूला शिवत नाही. त्याच्या जोडीच्या एका मुलाच्याही पायांना मुंग्या येतात. आता शेठचा निरोप आलाय, पेस्टिंग नको असेल तर कटिंगवर बस, पण ये. घरी पैशांची ओढ आहे. पाठवू का? पुण्यात साथ आली होती तो नसांचा आजार, जीबीएस, तर नसेल हा? आणखी एक. डब्यावर 'हेक्सेन' लिहिलेलं भावाला आठवतं. नेटवर पाहिलं तर सोयाबीनचं तेल काढायलाही तेच वापरतात म्हणे. आमच्या घरी तेच तेल आहे. बंद करू का?

एक बहीण, अंबरनाथ

उत्तर : ताई, आधी शेठच्या निरोपाचं. भावाला परत पाठवू नका. पेस्टिंगवर नाहीच, पण कटिंगवरही नाही. एका कोपऱ्यात सोल्युशनचा डबा उघडा आणि दुसऱ्या कोपऱ्यात कटिंग चालू असेल, तर दोघांच्या नाकात जाणारी हवा एकच. पैशांची ओढ मला कळते. धारावीत कामाला आलेल्या मुलाच्या पगारावर गावाकडे किती जण अवलंबून असतात, हे मी रोज पाहतो. तरीही नाही.

पत्र वाचून निदान करता येत नाही, आणि ते मी करतही नाही. पण आधी पायांची बोटं, मग चप्पल निसटणं, मग हातांची बोटं, सोबत वजन घटणं, आणि शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या मुलालाही तेच. हेक्सेन म्हणजे गम पातळ ठेवणारं, पेट्रोलियममधलं एक द्रव. त्यामुळे होणाऱ्या नसांच्या आजाराचा क्रम नेमका असाच असतो. आणि शेठ ज्या गोष्टीवर बोट ठेवून सोल्युशनला निर्दोष ठरवतोय, ती तर या आजाराची खास ओळख आहे. काम सोडल्यावरही तो काही काळ वाढतो. कित्येकांच्या बाबतीत दोन-तीन महिने वाढत राहतो, मग थांबतो, आणि त्यानंतर हळूहळू मागे फिरतो. तुम्ही सहाव्या आठवड्यात आहात.

असं का होतं ते नीट सांगतो, कारण हा प्रश्न शेठ, नातेवाईक आणि कदाचित एखादा डॉक्टरही तुम्हाला पुन्हा विचारेल. हेक्सेन श्वासावाटे रक्तात उतरतं. यकृतात त्याचं रूपांतर होत होत २,५-हेक्सेनडायोन नावाचं द्रव्य तयार होतं. खरा घात हे द्रव्य करतं. आपल्या नसेची पेशी असते पाठीच्या कण्यात किंवा कण्यालगत, आणि तिचा धागा जातो थेट पायाच्या बोटापर्यंत, म्हणजे जवळजवळ मीटरभर. त्या धाग्याला लागणारं सगळं सामान पेशीत तयार होतं आणि आतल्या आत वाहत टोकापर्यंत पोचतं. धाग्याच्या आत प्रथिनांचे बारीक तंतू असतात. हेक्सेनडायोन या तंतूंना एकमेकांशी सांधून टाकतं. मग जागोजागी गुंते होतात, धागा फुगतो आणि पुढचा पुरवठा तुटतो. कालव्याला पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी टेलच्या शेतकऱ्याचं रान वाळतं, तसं इथे शरीरातल्या सगळ्यात लांब नसांच्या टोकाला आधी झळ बसते. म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून, आणि हातांची पाळी नंतर.

हेक्सेन स्वतः शरीरात फार काळ राहत नाही, काही दिवसांतच निघून जातं. पण जे तंतू सांधले गेले ते लगेच सुटे होत नाहीत. पुरवठा तुटलेला नसेचा भाग मागाहून निकामी होत जातो. भावाने दिवाळीला काम सोडलं तेव्हा नुकसान होऊन गेलं होतं, त्याचं दिसणं अजून चालू आहे. तेव्हा "काम सोडलं तरी वाढतंय" ही गोष्ट सोल्युशनविरुद्धचा पुरावा म्हणून धरा. डॉक्टरांना सांगतानाही याच क्रमाने सांगा.

चप्पल निसटते, कारण पाऊल आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंच्या नसा कमजोर झाल्यात. बोटांनी चपलेचा अंगठा पकडून धरणं जमत नाही आणि चप्पल गेल्याचं तळव्याला जाणवतही नाही. घरी एक बघा. भिंतीचा आधार देऊन त्याला टाचांवर चार पावलं चालायला सांगा. पाऊल वर धरता येत नसेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

हा आजार नवा नाही. चपला, बॅगा आणि चिकटवण्याच्या कामांत तो साठ-सत्तर वर्षांपासून माहीत आहे, आणि म्हणूनच धारावीतल्या २३ वर्षांच्या मुलाला तो होतो याचा मला राग येतो. पूर्वी रबरी सोल्युशनमध्ये बेंझीन असायचं. बेंझीन रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर घाला घालतं. इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरांनी १९६७ ते १९७३ या काळात चपला-बूट बनवणाऱ्या कामगारांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे आणि त्याच्या पूर्वावस्थेचे २६ रुग्ण नोंदवले. जपानमध्ये घरोघरी सँडल बनवणाऱ्या बायांना बेंझीनने रक्ताचे आजार झाले, तेव्हा १९५९ साली तिथे बेंझीन असलेल्या रबरी गमावर बंदी आली. त्याच्या जागी कारखानदारांनी काय आणलं? हेक्सेन. स्वस्त, झटकन वाळणारं, आणि त्या वेळी निरुपद्रवी समजलं गेलेलं. दहा वर्षांत त्याच सँडलच्या कामात हातपाय लुळे पडलेले लोक दिसायला लागले. १९६९ साली यामामुरा या जपानी संशोधकांनी नोंद प्रसिद्ध केली : तपासलेल्या १६६२ कामगारांपैकी ९३ जणांना नसांचा आजार. त्यातल्या अनेकांचं घर तोच कारखाना होता, दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत काम आणि झोप. तुमच्या भावाचा पोटमाळा याहून काय वेगळा आहे?

पुढेही हेच होत राहिलं. २००९ साली चीनमधल्या सूझो शहरात, अ‍ॅपलला टचस्क्रीन पुरवणाऱ्या विनटेकच्या कारखान्यात, काचा पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्सेन वापरलं गेलं, कारण ते लवकर उडून जातं आणि काम भराभर उरकतं. १३७ कामगारांना बाधा झाल्याचं अ‍ॅपलने २०११च्या आपल्या अहवालात मान्य केलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमध्ये ब्रेक साफ करायच्या स्प्रेमधून मेकॅनिकना हाच आजार झाला. आपल्याकडे दिल्लीत स्क्रीन प्रिंटिंगच्या कामगारांमध्ये तो डॉक्टरांनी नोंदवलाय. चप्पल, पर्स, छपाई, गॅरेज, मोबाइल, धंदे वेगवेगळे. पण प्रत्येक ठिकाणी लवकर वाळतं म्हणून ते निवडलं गेलं आणि बहुतेक ठिकाणी खोली बंद होती.

भावाच्या कारखान्यातल्या हवेत किती हेक्सेन होतं, हे कोणी मोजलेलं नसणार. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने घालून दिलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग अशी आहे. पण ती धरलेली असते दिवसाला आठ तास आणि आठवड्याला चाळीस तासांच्या कामावर. उरलेल्या वेळात माणूस स्वच्छ हवेत जातो आणि शरीर ते बाहेर टाकतं, असा तो हिशेब. जो मुलगा रात्री बारापर्यंत पेस्टिंग करतो आणि वर पोटमाळ्यावर झोपतो, खाली चिकटवलेला माल रात्रभर वाळत असतो, त्याला ही सुट्टी कधी मिळतच नाही. पावसाळ्यात पाणी आत येऊ नये म्हणून दार लावलेलं असतं. मुंग्या पावसाळ्यात सुरू झाल्या, हे मला मुळीच आश्चर्याचं वाटत नाही.

वासावर विसंबू नये. हेक्सेनला पेट्रोलसारखा मंद वास असतो, आणि तो जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण या मर्यादेच्या वर गेलेलं असू शकतं. शिवाय नाक सरावतं. नवीन आलेल्या मुलाचं डोकं पहिल्या आठवड्यात दुखतं, नंतर "सवय झाली" म्हणतात. सवय नाकाला होते, नसांना होत नाही. त्यात सोल्युशनमध्ये बहुधा नुसतं हेक्सेन नसतं. मिथाइल इथाइल कीटोन, म्हणजे धंद्यात ज्याला एमईके म्हणतात, ते सोबत असेल तर हेक्सेनचा नसांवरचा मारा आणखी वाढतो. १९७०च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये नशेसाठी थिनर हुंगणाऱ्या तरुणांमध्ये हे फार वाईट रीतीने दिसलं. थिनरमध्ये एमईके घातलं गेलं आणि वर्षानुवर्षं हुंगणारी मुलं काही महिन्यांत लुळी पडायला लागली. मिश्रणात टोल्युइन असेल तर त्याचा त्रास वेगळा, तो मेंदूवर.

आता दवाखान्याचं. धारावीला लागून असलेल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग आहे, किंवा तुम्हाला सोयीचं दुसरं कुठलंही मोठं सरकारी रुग्णालय चालेल. पण न्यूरॉलॉजिस्टकडेच जा. केसपेपर काढतानाच सांगा : "दीड वर्ष बंद खोलीत सोल्युशनचं काम, झोपही तिथेच, डब्यावर हेक्सेन, सोबतच्या कामगारालाही त्रास." हे वाक्य कागदावर लिहून घ्या आणि डॉक्टरांनी केसपेपरवर उतरवलंय का ते पाहा. पुढच्या उपचारासाठी ते महत्त्वाचं आहे, आणि उद्या नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर तेव्हाही.

मुख्य तपासणी म्हणजे नसांमधून विजेचा संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो ती, एनसीव्ही. ती थोडी चुरचुरते, पण सहन होते. सोबत साखर, थायरॉइड, बी-१२, मूत्रपिंडाच्या तपासण्या होतील, कारण मुंग्या येण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि ती बाजूला काढावी लागतात. बी-१२ देणारे तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही, ती कमतरता आपल्याकडे फार आढळते. पण इंजेक्शनं देऊनही पाऊल उचलेनासं झालं, तिथे पुढे पाठवायला हवं होतं.

लघवीत २,५-हेक्सेनडायोन तपासता येतं, पण भावाच्या बाबतीत आता त्याचा उपयोग नाही. काम सोडल्यावर काही दिवसांतच ते लघवीतून नाहीसं होतं. सहा आठवड्यांनी रिपोर्ट निल आला तर शेठ तो फडकवत फिरेल. ही तपासणी अजून काम करणाऱ्या माणसाची, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी काम संपल्यावर करायची असते. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अशाच प्रश्नांवर काम करते. तपासणी कुठे होईल याची विचारणा डॉक्टरांना त्यांच्याकडे करता येईल.

जीबीएसची धास्ती मी समजू शकतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जी साथ आली, तेव्हापासून हातापायांना मुंग्या आल्या की प्रत्येकाच्या मनात तेच येतं. पण जीबीएस दिवसांच्या हिशेबात चढतो आणि बहुतेकदा चार आठवड्यांच्या आत त्याची परमावधी होऊन जाते. तुमच्या भावाचं दुखणं पावसाळ्यापासून महिनोन् महिने सरकत आलंय. तरीही, कमजोरी एकदम दोन-चार दिवसांत वर चढली, गिळताना ठसका लागायला लागला किंवा श्वास अपुरा पडायला लागला, तर ओपीडीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्या. मग कारण काहीही असो.

जीबीएसचा एक रेंगाळणारा भाऊबंद आहे, सीआयडीपी. हेक्सेनच्या आजारातही एनसीव्हीमध्ये नसेचा वेग बराच मंदावलेला दिसू शकतो आणि रिपोर्ट पाहून सीआयडीपीचा संशय येतो. त्याच्या उपचारात इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं येतात, ज्यांचा खर्च लाखांत जातो. कामाचा इतिहास न सांगितल्यामुळे कोणी शेत गहाण ठेवून ती घ्यावीत, असं होऊ नये. म्हणून पुन्हा सांगतो, सोल्युशनचं आधी सांगा, मुंग्यांचं नंतर.

बरं होईल का? हेक्सेनवर उतारा नाही. संपर्क पूर्ण तुटणं हाच उपचार, आणि तो तुम्ही त्याला घरी आणलंत तेव्हाच सुरू झाला. नसा परत वाढतात, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. गुडघ्यापासून पंजापर्यंतचं अंतर मोजून पाहा, म्हणजे वर्षभर किंवा त्याहून जास्त का लागतं ते लक्षात येईल. सौम्य आणि मध्यम आजार असलेले बहुतेक जण चांगले सुधारतात. फार जोराचा फटका बसलेल्यांच्या पावलांत थोडी कमजोरी मागे राहू शकते. तोवर फिजिओथेरपी रोज हवी, कारण नस परत येईपर्यंत स्नायू आणि सांधे आखडू द्यायचे नाहीत. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट मिळतो. त्याने अडखळून पडणं टळतं.

घरची मंडळी प्रेमाने करतात अशी एक गोष्ट मात्र थांबवा. मुंग्या येतात म्हणून गरम विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, यातलं काही नको. ज्या तळव्याला चप्पल गेल्याचं कळत नाही, त्याला भाजल्याचंही कळत नाही. फोड येतो, पिकतो आणि एका दुखण्यातून दुसरं उभं राहतं. आंघोळीचं पाणी दुसऱ्या कोणीतरी हात घालून पाहावं. झोपण्याआधी दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. घरातही मागे पट्टा असलेली सँडल घालू द्या. कोमट तेलाने हलक्या हाताने मालीश करायला हरकत नाही.

आता त्या कारखान्यातल्या बाकीच्या मुलांचं. तुम्ही त्यांच्याविषयी एकच ओळ लिहिलीत, पण मला ती सोडवत नाही. शेठशी भांडण न करता एक गोष्ट मागता येते : सोल्युशनच्या आणि थिनरच्या ड्रमचा सेफ्टी डेटा शीट, ज्याला एमएसडीएस म्हणतात. पुरवठादाराकडे तो असतो. त्यात रसायनांचे क्रमांक दिलेले असतात. ११०-५४-३ हा हेक्सेनचा, ७८-९३-३ एमईकेचा, १०८-८८-३ टोल्युइनचा आणि ७१-४३-२ बेंझीनचा. शेवटचा क्रमांक दिसला तर तो डबा त्या खोलीत एक दिवसही राहू नये. ड्रमवर नाव नसेल आणि नुसतं 'एसबीपी ५५/११५' असं काही असेल, तर तो ५५ ते ११५ अंशांच्या दरम्यान उकळणारा पेट्रोलियमचा भाग. हेक्सेन ६९ अंशांना उकळतं, म्हणजे ते त्यात असणारच असं धरून चाला.

मास्कबद्दल फार गैरसमज आहे. कोविडपासून घराघरात मास्क आहेत आणि मुलं तोच लावून पेस्टिंगला बसतात. रुमाल, सर्जिकल मास्क, अगदी एन-९५सुद्धा धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला रेस्पिरेटर लागतो, ती डबी ठरलेल्या वेळी बदलावी लागते, आणि मुंबईच्या उकाड्यात दहा तास तो तोंडावर कोणी ठेवणार नाही. म्हणून हवेचं बघायला हवं. हेक्सेनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती खाली साचते, नेमकी मांडी घालून बसलेल्या कारागिराभोवती. छताचा पंखा तिला फक्त घुसळतो. एक्झॉस्ट फॅन हवा तो पेस्टिंगच्या पाटाच्या पातळीवर आणि कारागिराच्या समोर, म्हणजे वाफ नाकापासून दूर ओढली जाईल. डब्याला ब्रशपुरतं भोक ठेवून झाकण, वाळणारा माल वेगळ्या हवेशीर जागी, हात थिनरने धुणं बंद, आणि झोपायची जागा दुसरीकडे. यातलं सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं आहे, आणि त्याला फार खर्चही येत नाही.

गमच बदलता येतो का? येतो. पाण्यावर आधारित गम मिळतो, हॉटमेल्ट, म्हणजे तापवून लावायचा गम मिळतो. हेक्सेनऐवजी हेप्टेन असलेलं सोल्युशनही नसांना पुष्कळच कमी घातक असतं. अडचणही प्रामाणिकपणे सांगतो. पाण्याचा गम वाळायला वेळ लागतो, आणि मजुरी नगावर असते. जास्त वेळ म्हणजे कमी नग, म्हणजे खिशात कमी पैसे. हा फरक कारागिराच्या माथी मारला तर तो स्वतःच जुनं सोल्युशन मागेल. तो भार माल विकत घेणाऱ्या मोठ्या दुकानदाराने आणि ब्रँडने उचलायचा आहे. इतके छोटे कारखाने बहुधा कारखान्यांसाठीच्या कायद्यातल्या कामगारसंख्येच्या अटीत बसत नाहीत. तरी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते. दहा किंवा जास्त कामगार असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते का, हेही विचारा.

उरलेलं थिनर तिथे संध्याकाळी कुठे ओततात हेही भावाला विचारा. गटारात ओतत असतील तर ते ताबडतोब थांबायला हवं. हेक्सेनची वाफ शून्याखाली वीस अंशांवरही पेट घेऊ शकते, आणि जड असल्यामुळे ती गटारातून लांबवर सरकत जाते. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात १३ फेब्रुवारी १९८१च्या पहाटे हेच झालं. सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यातून हेक्सेन गटारात शिरलं होतं. कामावर निघालेल्या दोन बायकांची गाडी रेल्वेपुलाखालून जात असताना ठिणगी पडली आणि दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते उखडले गेले. पहाटेची वेळ म्हणून जीव वाचले. धारावीच्या गल्ल्यांत गटारावरच घरं आहेत.

सोयाबीनचं निघालंच आहे, तर तुमच्या तेलाचं. तुमच्या लातूरकडे सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट आहेतच. तिथे दाण्याचे पोहे करून ते हेक्सेनने धुतात, तेल हेक्सेनमध्ये उतरतं. मग तापवून हेक्सेन उडवतात, थंड करून गोळा करतात आणि पुन्हा वापरतात. पेंडीतलं हेक्सेन वाफेने काढून डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, तयार होते. रिफाइन्ड तेलात किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त हेक्सेन उरता कामा नये, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. युरोपात ही मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, आणि आपलीही तितकी खाली यावी असं माझं मत आहे. पण हिशेब बघा. माणशी दिवसाला ३० ग्रॅम तेल धरलं, तर नियमाच्या टोकाला असलेल्या तेलातूनही पोटात जाईल ०.१५ मिलिग्रॅम, आणि कढईत तेल तापलं की त्यातलंही उडून जातं. उलट हवेत नेमकं ५० भाग हेक्सेन असलेल्या खोलीत आठ तास काम करणाऱ्याच्या श्वासात जातं साधारण १७६० मिलिग्रॅम. हजारो पटींचा फरक आहे. सीलबंद पिशवीतलं तेल खुशाल वापरा, सुट्या डब्यातलं घेऊ नका. घाण्याचं तेल परवडत असेल आणि आवडत असेल तर घ्या, पण भावाच्या आजाराच्या भीतीने नको.

तेलामुळे काळजी करायचीच तर प्लांटच्या आत काम करणाऱ्यांची करा, आणि आसपासच्या हवेची. उडालेलं हेक्सेन हवेत काही दिवसांत तुटतं, मातीत-पाण्यात वर्षानुवर्षं साचून राहणाऱ्यांतलं ते नाही. पण तुटताना, वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन यांच्या सोबतीने, ते जमिनीलगत ओझोन तयार करायला हातभार लावतं. तो ओझोन दम्याच्या माणसाला छळतो आणि पिकाची पानंही करपवतो. अमेरिकेने २००१ साली तेलाच्या प्लांटमधून किती हेक्सेन उडू द्यायचं यावर मर्यादा घातली. गळती थांबली तर कारखानदाराचंही सॉल्व्हंट वाचतं, त्यामुळे तिथे निदान त्याचा स्वार्थ कामगाराच्या बाजूने आहे. धारावीच्या खोलीत तसं नाही. तिथे सोल्युशन उडून जाणं हेच काम.

शेवटी, तुमच्या भावाचा तो जोडीदार. त्याचं फक्त मुंग्यांवर भागतंय, म्हणजे तो आज तिथे आहे जिथे तुमचा भाऊ पावसाळ्यात होता. आत्ता बाहेर पडला तर बहुधा पूर्ण सुटेल. त्याला फोन करा, आणि रुग्णालयात दोघांना एकाच दिवशी, एकत्र न्या. त्याची लघवीची तपासणी अजून होण्यासारखी आहे. ती होईपर्यंत निदान झोपायला तरी त्याने दुसरीकडे जावं. मुंबईत त्याचं कोणी नसेल तर तुमच्या घरी चार दिवस त्याची सोय होते का, ते बघा. एनसीव्हीचे रिपोर्ट आले की दोघांच्याही प्रती मला पाठवा.